पायाच्या मातीवरील स्वामित्वधन : एका सवलतीची चिकित्सा

इमारतीचा पाया खणताना निघणारी माती व मुरूम यांस खनिज म्हणावे, की बांधकामाचे केवळ उपउत्पादन? प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. विरार पूर्वेतील मनवेलपाड्यासारख्या दाट वस्तीत मात्र तो प्रत्येक खोदकामाशी निगडित आहे. कारण स्वामित्वधनाची माफी त्याच्या उत्तरावरच अवलंबून असते.

1957 च्या खाण व खनिज अधिनियमाने इमारती दगड, साधी रेती आदींना गौण खनिज मानून त्यांचे नियमन राज्यांकडे सोपविले. भराव वा सपाटीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या मातीची भर त्यात 3 फेब्रुवारी 2000 च्या केंद्रीय अधिसूचनेने घातली. 'वापरल्या जाणाऱ्या' हे शब्दच पुढील वादाचे मूळ ठरले. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिक संघटनेच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये असा निर्णय दिला की, मातीचा अंतिम उपयोग निश्चित केल्यावाचून केवळ ती खोदली म्हणून आकारणी करणे समर्थनीय नव्हे. तदनंतर 2015 मध्ये राज्याने नियमांत दुरुस्ती करून, त्याच भूखंडावर वापरलेल्या मातीस माफी दिली.

येथेच सूक्ष्म परंतु महत्त्वाचा बदल घडला. न्यायालयाने उपयोगाची कसोटी सांगितली होती. नियमाने तिला कुंपणाची जोड दिली. विस्तीर्ण संकुलाचा विकासक आपली माती अंतर्गत रस्त्यांत व बागेत सहज जिरवू शकतो. मनवेलपाड्यातील लहान भूखंडावर पाया व्यापून उरलेली जागा ती किती असणार? तेथील माती मालमोटारीत भरावीच लागते, आणि कुंपण ओलांडताच ती खनिज ठरते. एका ब्रासाचे, म्हणजे 100 घनफुटांचे, स्वरूप दोहोंकडे एकच. माफी मात्र ज्याला जागा मुबलक त्यालाच.

25 जुलै 2024 च्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, 8 विरुद्ध 1 अशा बहुमताने, 1989 चा इंडिया सिमेंट निर्णय अव्हेरून स्वामित्वधन हा कर नसून खनिज-हक्काचा मोबदला होय असे ठरविले. मोबदला म्हटल्यावर तो कोणास व का सोडला याचे कारण मालकाने सांगितले पाहिजे. 2025 च्या कृत्रिम वाळू धोरणात दर ब्रासला 600 रुपयांऐवजी 200 रुपये घेण्याचे ठरले, त्यामागे नदीतील वाळूचा उपसा आटोक्यात आणण्याचा हेतू उघड आहे. भूखंडाच्या सीमेमागे तसा हेतू शोधूनही सापडत नाही.

सीमा काढून टाकली तर डोंगर फोडून आणलेला मुरूम 'पायाची माती' या नावाने वाहून नेला जाईल, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावरचा उपाय मापात आहे. मंजूर नकाशातील तळघर व पाया यांच्या लांबी-रुंदी-खोलीवरून निघणारे घनमाप आधीच ठरविता येते. तेवढ्या मर्यादेपर्यंत माती कोठेही वापरली तरी माफी द्यावी, आणि त्यावरील प्रत्येक ब्रासास पूर्ण आकारणी करावी.