मनुष्यस्वभाव आणि परकीयांची साक्ष

मनुष्याचा मूळ स्वभाव कसा आहे हें ठरल्यावांचून राज्यसंस्थेचें समर्थन करतां येत नाहीं, अशी युरोपांतील अनेक राज्यशास्त्रज्ञांची समजूत होती. समाजांत वाढलेल्या माणसांकडे पाहून तो स्वभाव उमगेना, तेव्हां त्यांनीं अटलांटिक महासागरापलीकडील लोकांस साक्षीस बोलाविलें. त्या साक्षीदारांस कोणी कसें वागविलें, एवढाच विचार आम्ही येथें करणार आहों.

हॉब्सचा ‘लेव्हायथन’ १६५१ सालीं प्रसिद्ध झाला. राजसत्तेचा धाक नसेल तेथें प्रत्येकाचें प्रत्येकाशीं वैर चालतें, हा त्याचा सिद्धान्त. अशी स्थिति कोठें आहे, असें कोणी विचारील म्हणून त्यानें अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांकडे बोट दाखविलें. लहान कुटुंबांपलीकडे त्यांस शासन माहीत नाहीं, असें तो म्हणतो. हॉब्स व्हर्जिनिया कंपनीचा भागीदार होता, पण अमेरिकेस कधीं गेला नव्हता. आणि त्याच काळीं इरोक्वॉय लोकांच्या पांच राष्ट्रांचा संघ तेथें नांदत होता. हॉब्सच्या सिद्धान्ताचा खरा आधार मनोविकारांचें पृथक्करण हा आहे, हें न्यायबुद्धीनें सांगितलेंच पाहिजे. निजतांना दारास कुलूप लावणाऱ्या सभ्य गृहस्थाचें त्यानें दिलेलें उदाहरण आजही निरुत्तर करतें. पण मग अमेरिकेच्या साक्षीची गरजच काय होती?

रूसोनें १७५५ सालच्या विषमतेवरील निबंधांत उलट निकाल दिला. त्याचा आदिमानव एकाकी, अल्पसंतुष्ट आणि दयाशील आहे, व त्या अवस्थेपासून सर्वांत कमी दूर गेलेले लोक म्हणून तो कॅरिबांचा दाखला देतो. त्याच निबंधाच्या एका टिपणांत त्याची मोठी मार्मिक तक्रार आहे: दूरदेशांचीं वर्णनें खलाशी, व्यापारी, शिपाई आणि मिशनरी हेच लिहितात, तत्त्वज्ञ प्रवासास निघत नाहींत. ही तक्रार रास्त होती. पण ती करणाराही युरोपाबाहेर गेला नाहीं. हॉब्सनें निंदा केली, रूसोनें स्तुति केली. साक्षीदार मात्र दोघांच्याही ग्रंथांत मुकाच राहिला.

ह्या दोघांपूर्वी, १५८० सालीं, माँतेननें नरभक्षकांवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. रूआँ शहरीं ब्राझीलमधील तिघे जण आणले गेले होते. राजा नववा चार्ल्स तेथें होता. येथें तुम्हांस नवल कशाचें वाटलें, असें त्यांस विचारलें गेलें. त्यांनीं तीन गोष्टी सांगितल्या. धिप्पाड, सशस्त्र पुरुष एका पोराची आज्ञा कां पाळतात, ही एक. कांहीं लोक तृप्त असतां त्यांच्याच दाराशीं उपाशी माणसें भीक मागतात, आणि तरीही त्यांचा गळा धरीत नाहींत, ही दुसरी. तिसरी आपण विसरलों, असें माँतेन खेदानें लिहितो; दुभाषा मंदबुद्धि होता, हेंही तो लपवीत नाहीं. त्याच्या निबंधांतही ब्राझीलचें चित्र अवास्तव गोड आहे; तरीही आम्हांस तो ह्या तिघांत श्रेष्ठ वाटतो. त्यानें परक्यास बोलूं दिलें, इतकेंच नव्हे, तर आपल्या समाजाची परीक्षा करूं दिली.

हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. मिल्लनें ‘ऑन लिबर्टी’ ह्या १८५९ सालच्या ग्रंथांत स्वातंत्र्याचें तत्त्व मागासलेल्या समाजांस लागू नाहीं असें म्हटलें. त्यापूर्वी त्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत पस्तीस वर्षें नोकरी केली होती. ज्यांस त्या ग्रंथानें वगळलें, त्यांतीलच आगरकरांनीं मिल्लचे विचार आत्मसात् करून, १८८८ सालीं काढलेल्या ‘सुधारकां’त व्यक्तिस्वातंत्र्याचा हिरिरीनें पुरस्कार केला. साक्षीदारानें न विचारतां दिलेलें हें उत्तरच होय.

पण हें माप आपणांसही लागू आहे. वारली, भिल्ल, कातकरी ह्यांच्याविषयीं आपले सुशिक्षित लोक कधीं भाबडे म्हणून कौतुकानें, तर कधीं अडाणी म्हणून तुच्छतेनें लिहितात. असें लेखन हातीं आलें असतां वाचकांनीं एवढेंच पाहावें कीं, आपल्या शहरांत त्यांस नवल कशाचें वाटलें, हें त्यांना कोणी विचारलें आहे काय. आणि विचारलें असल्यास उत्तर नीट टिपून ठेविलें आहे काय.