‘१७ पट’ कुठून आलं? घराण्यातल्या फुग्यांवरचे दोन शोधनिबंध वाचताना

पिशोरमधल्या ओळखीच्या एका ताईंचा मध्यंतरी फोन आला. त्यांच्या आई मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून गेल्या. मामाही काही वर्षांपूर्वी ‘डोक्यात रक्तस्राव’ होऊन गेले होते. आता त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलं होतं की घरात असे दोन पेशंट असतील तर बाकीच्यांना धोका १७ पट, कारण ‘मेंदूच्या नसांची ठेवण वारशाने येते’. ताईंनी विचारलं, “आमच्या घरात नसाच कच्च्या आहेत का? पोरांचं पण स्कॅन करून घेऊ का?”

गंमत म्हणजे हा मेसेज कुणी मनानं रचलेला नाही. त्यातल्या दोन्ही गोष्टी चांगल्या जर्नलमधल्या खऱ्या शोधनिबंधांतून आल्यात. पण निबंध जे सांगतात आणि ताईंपर्यंत जे पोचलं, त्यात बरंच अंतर आहे. आणि माझं म्हणणं असं की त्यातलं थोडं अंतर निबंधांतच आहे. म्हणून दोन्ही नीट वाचून बघू.

आधी फुगा म्हणजे काय ते. धमनीची भिंत एखाद्या जागी कमजोर होऊन बाहेर फुगते, त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. साधारण ३ टक्के प्रौढांच्या मेंदूत असा फुगा असतो आणि बहुतेकांना तो असल्याचं आयुष्यभर कळतही नाही. फुटला तर मात्र मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्त पसरतं आणि जिवावर बेततं. हे फुगे बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्यावर किंवा त्याच्या जवळच्या फाट्यांवर येतात. थॉमस विलिस यांनी १६६४ साली या कड्याचं वर्णन केलं, म्हणून ते ‘विलिसचं कडं’.

आता १७ पट. हा आकडा २००९ साली ‘स्ट्रोक’ या जर्नलमध्ये ब्रॉडरिक आणि सहकाऱ्यांनी दिला. ज्या कुटुंबांत एकाहून जास्त जणांना फुगे आहेत, अशा कुटुंबांतल्या अजून काहीही न झालेल्या जवळच्या नातेवाइकांचं त्यांनी एमआर अँजिओग्राफीनं स्कॅनिंग केलं. ५४८ जण तपासले. ११३ जणांत, म्हणजे २०.६ टक्क्यांत, फुगे सापडले. पुढच्या काळात त्यातल्या २ जणांचे फुगे फुटले. त्यावरून फुटण्याचा दर निघाला वर्षाला १.२ टक्के. न फुटलेल्या फुग्यांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तेवढ्याच आकाराच्या आणि त्याच जागच्या फुग्यांचा दर होता ०.०६९ टक्के. भागाकार केला की १७.

इथं थांबून तीन गोष्टी बघा.

पहिली : १७ पट हा धोका ‘घरातल्या सगळ्यांना’ नाही. ज्यांच्या डोक्यात फुगा सापडला, फक्त त्यांचा तो दर आहे. ज्या ४३५ जणांत फुगा नव्हता त्यांच्यापैकी एकाचाही फुगा फुटला नाही, हे त्याच निबंधात लिहिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढंच वाक्य गळालं.

दुसरी : हा सगळा आकडा २ माणसांवर उभा आहे. एकच फुगा फुटला असता तर उत्तर साधारण ९ पट आलं असतं. तीन फुटले असते तर २६ पट. लेखकांनी स्वतः कॉन्फिडन्स इंटरव्हल दिलाय : वर्षाला ०.१४ ते ४.३ टक्के. तोच भागाकार या दोन टोकांना केला तर उत्तर २ पटीपासून ६२ पटीपर्यंत कुठंही असू शकतं. दिशा बरोबर असेलही, धोका जास्त आहे असं मलाही वाटतं. पण ‘१७’ हा नेमका आकडा घेऊन कुणाच्या घरात झोप उडवावी इतका तो भक्कम नाही. सारांशात हा इंटरव्हल आहे, तरी शेजारी ‘१७ पट’ लिहिलं की वाचणारा काय लक्षात ठेवणार, हे लेखकांना कळायला हवं होतं.

तिसरी : स्कॅनिंगसाठी नातेवाईक सरसकट घेतलेच नव्हते. तिशी ओलांडलेले आणि धूम्रपान किंवा रक्तदाबाचा इतिहास असलेले घेतले होते. या दोन्ही गोष्टी फुग्याचा धोका मुळातच वाढवतात. त्यामुळं २०.६ टक्क्यांत वारसा किती आणि सिगरेट किती, हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. बिडी-सिगरेट न ओढणाऱ्या, बीपी नॉर्मल असलेल्या ताईंना आणि त्यांच्या शाळकरी पोरांना हा आकडा जसाच्या तसा लावणं चूकच.

मग ‘नसांची ठेवण वारशाने येते’ हे कुठून आलं? त्याच प्रकल्पातून २०१३ साली मॅकी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. शरीररचनेतला कच्चेपणा वारशाने येतो का, असा थेट प्रश्नच त्याच्या शीर्षकात आहे. पद्धत मला फार आवडली. ३२३ कुटुंबं घेतली आणि पाहिलं की मूळ रुग्णाचा फुगा ज्या धमनीच्या हद्दीत आहे, तिथंच त्याच्या बाधित सख्ख्या नातेवाइकांचाही आहे का. मग तोच रुग्ण भलत्याच, बिननात्याच्या कुटुंबाशी जोडून तीच मोजणी पुन्हा केली, तीही १००१ वेळा. स्वतःच्या कुटुंबाशी जागा जुळली ५३ टक्के, परक्या कुटुंबाशी ४०.७ टक्के. मेंदूच्या मधल्या धमनीपुरतं बघितलं तर ४५.८ विरुद्ध ३०.५.

फरक खरा आहे. पण दुसरा आकडा विसरू नका. काहीच नातं नसलेल्या माणसाशीसुद्धा ४० टक्के जागा जुळते, कारण फुगे मुळात मोजक्याच ठिकाणी येतात. ‘दोघांनाही एकाच जागी झालं, म्हणजे रक्तातच आहे’ असं आपण पटकन म्हणतो, तेव्हा हे ४० टक्के डोक्यात नसतात.

आणि मुख्य मुद्दा असा की या विश्लेषणात मोजली गेली ती फुग्याची जागा. कड्याची रचना, म्हणजे कुठली धमनी बारीक, कुठली जाड, कुठला फाटा किती अंशात, हे मोजलेलं नाही. जागा जुळण्यामागं रचना असू शकते, तशीच त्या भागातल्या भिंतीची कमजोरी असू शकते, घरातलं एकसारखं व्यसन किंवा रक्तदाबही थोडा हातभार लावत असेल. ‘जागा’ मोजून ‘रचना’ म्हणणं ही उडी आहे.

रचनेचा संबंध सगळ्यात स्पष्ट दिसतो तो पुढच्या जोडधमनीवर. मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या डाव्या-उजव्या धमन्यांना ही छोटी धमनी जोडते. एका बाजूची धमनी जन्मतः बारीक असेल तर दुसरीला दोन्हीकडचं काम करावं लागतं. दोन चाऱ्यांपैकी एक बुजली की सगळं पाणी दुसरीतून येतं आणि वळणावरचा बांध खचतो, तसा रक्ताचा मारा तिथल्या सांध्यावर बसतो. तिथं फुगे असलेल्यांत ही असमानता वारंवार सापडलीय. पण मॅकींच्या निबंधात घरातल्या घरात जागा जास्त जुळल्याचे जे तीन भाग ठळक आले, त्यांत हा भाग नाही! आणि ब्रॉडरिकच्या निबंधात फुटलेले दोन्ही फुगे नेमके याच जोडधमनीवरचे होते. म्हणजे १७ पट ज्या जागेमुळं आलं, तिथं घराण्याचा ठसा सगळ्यात पुसट आणि रचनेचा सगळ्यात ठळक. दोन्ही निबंध शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

आता आपल्याकडचं. १००० भारतीय मेंदूंचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुस्तकातल्यासारखं कडं फक्त ४५.२ टक्के मेंदूंत होतं. म्हणजे एमआरआयच्या रिपोर्टवर ‘अमुक धमनी बारीक’ असं वाचून घाबरू नका. वेगळेपणा हाच बहुमतात आहे.

पण घराण्यांचा अभ्यास कुणाचा झालाय? वरच्या प्रकल्पातली कुटुंबं अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधली. फुगा फुटण्याचा अंदाज देणारा ‘फेजेस’ स्कोअर २०१४ साली ८३८२ रुग्णांवरून तयार झाला. त्यात लोकसमूहाच्या रकान्यात उत्तर अमेरिकन-युरोपीय, जपानी आणि फिनिश आहेत. आपल्यासाठी रकानाच नाही.

आणि तो उद्या तयार करायचा म्हटला तरी अडचण आपल्या भाषेपासून सुरू होते. निबंधांचा पाया आहे ‘प्रथम श्रेणीचा नातेवाईक’ : आईवडील, सख्खी भावंडं, मुलं. आपल्याकडं चुलतभाऊही ‘भाऊ’च. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर एकच माणूस दोन नात्यांनी मोजला जातो. आणि ‘डोक्यात रक्तस्राव’, ‘नस फाटली’, ‘अटॅक आला’, ‘लकवा मारला’ यांतलं कुठलंही फुग्याबद्दल असू शकतं किंवा नसूही शकतं. रक्तदाबानं मेंदूच्या आत होणारा रक्तस्राव वेगळा, गुठळीनं होणारा लकवा वेगळा.

ताईंना मी खोदून विचारलं. आईंच्या डिस्चार्ज कार्डावर अ‍ॅन्युरिझम स्पष्ट लिहिलेलं आहे. मामा मात्र आईंचे चुलतभाऊ निघाले. त्यांचं स्कॅन झालंच नव्हतं, बीपी मात्र होतं. म्हणजे ज्यावर मेसेज उभा होता, ते ‘घरात दोन पेशंट’ मुळात ठरलेलंच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं कुटुंबात दोन किंवा जास्त जणांना असेल तेव्हा स्क्रीनिंग द्यावं असं सांगतात. ताईंचं घर त्यात बसतं की नाही, हे त्या कार्डासकट न्यूरोच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही.

मी त्यांना एवढंच सांगितलं : आईंचं कार्ड आणि सीडी जपून ठेवा, एका वहीत कोण कशानं आणि कितव्या वर्षी गेलं ते ‘सख्खा’, ‘चुलत’ असं लिहून काढा, बीपी तपासत राहा, घरात कुणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर ती सोडायला लावा. आणि आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं एकाएकी दुखलं तर गोळी खाऊन सकाळची वाट बघू नका, लगेच गाडी काढा.

“मग १७ पट नाही ना?” त्यांनी फोन ठेवताना विचारलं. मी म्हटलं, “ताई, किती पट ते कुणालाच माहीत नाही. पण वही लिहिलीत तर पुढच्याला कळायची सोय होईल.”