मुलाच्या हाताएवढा ट्रॉम्बोन

संगीताची समीक्षा करताना आपण रचनेविषयी बोलतो, गायनाविषयी बोलतो, वादनाविषयीही बोलतो. वाद्याविषयी मात्र सहसा बोलत नाही. वाद्य ही विकत घ्यायची वस्तू आहे असे धरून तिची निवड आपण दुकानदारावर किंवा बँडमास्तरांच्या सवयीवर सोपवतो. वस्तुतः वाद्याची निवड हा रसिकतेचाच पहिला निर्णय असतो. कोणता स्वर आपल्याला सुंदर वाटतो आणि तो कोणत्या कामी यावा, या प्रश्नांची उत्तरे मुलाने पहिली फुंकर घालण्यापूर्वीच आपण देऊन टाकलेली असतात. वसईच्या धर्मग्रामांत, मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत आणि गोव्यात बँडची परंपरा जिव्हाळ्याने जपली गेली आहे. म्हणूनच या निर्णयाची चिकित्सा आपल्याच घरात होणे अगत्याचे आहे.

ट्रॉम्बोनच्या बाबतीत हा निर्णय बहुधा एका समजुतीवर उभा असतो. ट्रॉम्बोन म्हणजे गर्जना, तेव्हा तो जितका मोठा तितका चांगला, ही ती समजूत. तिला दुसरी एक व्यवहारी समजूत येऊन मिळते : मुलगा वाढतोच आहे, मोठेच वाद्य घेतले म्हणजे पुन्हा खर्च नको. शाळेचा गणवेश दोन बोटे ढगळ शिवावा, तसा हा विचार. परंतु ढगळ सदऱ्यात मूल निदान खेळू शकते. ढगळ ट्रॉम्बोनमधून त्याला गाता येत नाही. आणि ट्रॉम्बोनचे खरे काम गर्जनेचे नसून गाण्याचे आहे, ही गोष्ट ख्रिस्ती संगीताच्या इतिहासात ठिकठिकाणी नोंदलेली आहे.

आरंभ नावापासून करू. ‘ट्रॉम्बोन’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘मोठा ट्रंपेट’. जर्मन भाषेत त्याला ‘पोझाउने’ म्हणतात. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (15:52) अखेरच्या दिवशी जे वाद्य वाजणार आहे, त्यासाठी आपल्या मराठी बायबलात ‘कर्णा’ हा शब्द आला. मार्टिन ल्यूथरने आपल्या जर्मन भाषांतरात ‘पोझाउने’ हा शब्द योजला. त्यामुळे जर्मन भाषिकांच्या मनात न्यायाच्या दिवसाचा कर्णा आणि ट्रॉम्बोन हे एकच होऊन बसले. 1791 साली मोझार्टने आपल्या अखेरच्या, अपूर्ण राहिलेल्या ‘रिक्विएम’मध्ये ‘तुबा मिरुम’ या भागासाठी ट्रॉम्बोन निवडला, त्यामागे हा संस्कार होता.

पण मोझार्टने त्या वाद्याला काय करायला लावले, ते ऐकण्यासारखे आहे. मृतांना कबरीतून उठवणारा हा कर्णा. येथे भूमी हादरावी, असे कोणालाही वाटेल. पुढे 1837 साली बेर्लियोझने आपल्या मृतांच्या मिस्सासाठी चार कोपऱ्यांत चार पितळी वाद्यवृंद उभे केले आणि 1874 साली वेर्दीने दूर, दृष्टीआड ट्रंपेट ठेवून थरकाप उडवला. मोझार्टजवळ आहे तो एकच ट्रॉम्बोन आणि एकच खर्जाचा गायक. ट्रॉम्बोन वाक्य मांडतो, गायक ते उचलतो आणि मग दोघे एकमेकांना सोबत करीत पुढे जातात. न्यायाची वार्ता येथे आरोळीने येत नाही. कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी, तशी ती येते. काही श्रोत्यांना हा भाग प्रसंगाच्या मानाने फार सौम्य वाटतो. मला मात्र याच सौम्यतेत त्याची श्रद्धा दिसते. हाक मारणारा ओळखीचा असेल, तर त्याला ओरडावे लागत नाही.

ही मोझार्टची एकट्याची लहर नव्हती. त्याच्या मागे दोनशे वर्षांची वहिवाट होती. व्हेनिसच्या सेंट मार्क मंदिराशी निगडित असलेल्या जोव्हान्नी गाब्रिएलीने 1597 साली ‘सोनाता पियान ए फोर्ते’ ही रचना प्रसिद्ध केली. मंद कोठे वाजवावे आणि मोठ्याने कोठे, याच्या खुणा स्वरलिपीत नोंदवणाऱ्या अगदी आरंभीच्या रचनांत तिची गणना होते, आणि तिच्यातील आठांपैकी सहा वाद्ये ट्रॉम्बोन आहेत. म्हणजे मंद स्वराची खूण कागदावर उमटली, तेव्हाच ती ट्रॉम्बोनच्या वाट्याला आली. गाब्रिएलीचाच शिष्य हाइन्‌रिख श्यूत्स याने 1629 साली अबशालोमच्या मृत्यूवरील दाविदाचा विलाप संगीतबद्ध केला. 2 शमुवेल 18:33 मधील त्या पित्याच्या आक्रोशासाठी त्याने एक खर्जाचा आवाज आणि चार ट्रॉम्बोन घेतले. शब्द संपून कंठ दाटला की ट्रॉम्बोन बोलू लागतात. येथे एक वाद्य जरी गायकावर चढले, तरी विलापाची मिरवणूक होईल.

ऑस्ट्रियातील कॅथलिक मंदिरांत तर आल्तो, टेनर आणि बास असे तीन ट्रॉम्बोन गायनवृंदातील त्या त्या आवाजाच्या जोडीने, स्वरास स्वर लावून वाजत असत. गायक चुकू नये, थकू नये म्हणून दिलेली ती सोबत होती. 1812 साली बेथोव्हेन लिंत्स शहरी मुक्कामास असताना तेथील कॅथेड्रलच्या संगीतप्रमुखाने त्याच्याकडून सर्व मृतात्म्यांच्या दिवसासाठी, म्हणजे 2 नोव्हेंबरसाठी, चार ट्रॉम्बोनच्या तीन छोट्या रचना करून घेतल्या. त्यांतील दोन 1827 साली बेथोव्हेनच्याच अंत्ययात्रेत गायनाच्या जोडीने वाजल्या. कबरस्तानात मेणबत्त्या लावून उभे राहणाऱ्या आपल्या समाजाला या रचनांतील शांतता समजावून सांगण्याची गरज नाही.

आता हा इतिहास मिलिमीटरांत पाहू. सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील टेनर ट्रॉम्बोनच्या नळीचा आतील व्यास साधारण 10 मिलिमीटर आणि भोंग्याचे तोंड सुमारे 10 सेंटिमीटर असे. आज शिकाऊ वादकासाठी जो टेनर ट्रॉम्बोन बनतो, त्याच्या नळीचा व्यास बहुधा 12.7 मिलिमीटर असतो आणि भोंगा सुमारे 20 सेंटिमीटरचा. मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांतील टेनरचा व्यास 13.9 मिलिमीटर, तर बास ट्रॉम्बोनचा त्याहून अधिक. 12.7 आणि 13.9 या आकड्यांतील अंतर कागदावर नगण्य दिसते. परंतु पोकळीचे क्षेत्रफळ त्यामुळे सुमारे एकपंचमांशाने वाढते. ती पोकळी भरायची कोणी? मुलाच्या छातीने. रुंद नळी अधिक वारा मागते आणि तो मिळाला नाही की स्वर पोकळ, धुरकट होतो. मूल मग गाल फुगवते, ओठ दाबते आणि वर्षभरात ‘याला जमत नाही’ असा शिक्का घेऊन घरी बसते. वास्तविक त्याला जमत नसते ते संगीत नव्हे; दुसऱ्याच्या छातीसाठी बनवलेले वाद्य त्याला पेलत नसते.

हाताचा प्रश्न याहून सरळ आहे. ट्रॉम्बोनला स्वरांची छिद्रे नाहीत. उजव्या हाताने स्लाइड पुढेमागे सरकवून सात स्थानांवर स्वर शोधायचे असतात. पहिल्या स्थानापासून सातव्यापर्यंतचे अंतर जवळजवळ 60 सेंटिमीटर भरते. दहा-अकरा वर्षांच्या पुष्कळ मुलांचा हात सातव्या स्थानी पोहोचत नाही. काहींचा सहाव्याही नाही. मध्य ‘सी’च्या एक सप्तक खालचा ‘सी’ सहाव्या स्थानी आहे आणि त्याच्या लगतचा ‘बी’ सातव्या स्थानी. भक्तिगीतांच्या खालच्या ओळींत हे स्वर वारंवार येतात.

या अडचणीवर लाइपझिगच्या क्रिस्टियान फ्रीड्रिख सॅटलरने 1839 साली तोड काढली. भोंग्याच्या मागे नळीचे एक अधिक वेटोळे बसवून अंगठ्याच्या खटक्याने वारा तिकडे वळवायचा. म्हणजे बी फ्लॅटचे वाद्य क्षणात एफचे होते. खटका दाबला की तो ‘सी’ पहिल्याच स्थानी मिळतो आणि ‘बी’ दुसऱ्या स्थानाच्या आसपास. सोय मोठी आहे, यात वाद नाही. परंतु ट्रॉम्बोनचा सारा भार डाव्या हातावर असतो आणि हे वेटोळे त्या हातावर आणखी वजन टाकते. तेव्हा ज्याचा खांदा वाकत नाही, पण हात पुरत नाही, अशा मुलास 12.7 किंवा फार तर 13.3 मिलिमीटर व्यासाचा, खटक्याचा ट्रॉम्बोन योग्य. ज्याला वजनच पेलत नाही, त्याने साधाच घ्यावा आणि खालचे दोन स्वर दोन वर्षे दुसऱ्याला वाजवू द्यावेत. गायनवृंदात सर्वच आवाज सर्वच स्वर लावीत नाहीत.

त्याहून लहान मुलांसाठी आज आणखी वाटा उघडल्या आहेत. सुमारे 800 ग्रॅम वजनाचा ‘पीबोन’ हा प्लॅस्टिकचा ट्रॉम्बोन पाहून जुने वादक नाक मुरडतात. पितळेची झळाळी त्याच्या स्वरात नाही, हे खरेच. पण हलकेपणामुळे मुलाची मान आणि पाठ सरळ राहते, आणि सरळ पाठीतून आलेला श्वास पितळेपेक्षा मोलाचा आहे. यामाहाने आखूड स्लाइडचा एक ट्रॉम्बोन खास मुलांसाठी केला आहे. त्यात सहाव्या-सातव्या स्थानांची गरजच उरत नाही. ई फ्लॅटचा आल्तो ट्रॉम्बोन हातास सोपा आणि मंदिरसंगीताच्या परंपरेतला मानकरी. मात्र त्याची स्थाने टेनरहून वेगळी असल्यामुळे पुढे टेनरकडे वळताना सवय मोडावी लागते. स्लाइडऐवजी व्हॉल्व्ह असलेला ट्रॉम्बोनही आहे. वेर्दीच्या काळी इटलीत त्याचीच चलती होती आणि गर्दीच्या गल्लीत तो सोयीचा पडतो. पण स्लाइडवर कान आणि हात एकमेकांना शिकवतात; प्रत्येक स्वर ऐकून, शोधून, दुरुस्त करून घ्यावा लागतो. शिक्षणाच्या दृष्टीने हा तोटा पत्करू नये.

वापरलेले वाद्य घ्यायचे असल्यास आधी स्लाइड पाहावी. भोंग्यावरचा पोचा डोळ्याला खुपतो, पण स्वराला फारसा लागत नाही. स्लाइडवरचा पोचा मात्र वाद्य निकामी करू शकतो. वाद्य उभे धरून बाहेरची नळी हळूच खाली सोडली, तर ती कोठेही न अडखळता उतरावी (खाली हात मात्र धरावा). माउथपीसही मोठा घेऊ नये. खरी परीक्षा त्यानंतरची. मुलाला ओळखीच्या भक्तिगीताची एक ओळ आधी गायला सांगावी आणि मग तीच ओळ शक्य तितक्या हळू वाजवायला सांगावी. ज्या वाद्यावर तो हळू आवाजात ती ओळ न तुटता पुरी करील, ते वाद्य त्याचे. दुकानात मोठ्याने तर प्रत्येकच ट्रॉम्बोन वाजतो.

यावर एक आक्षेप येईल : आपल्याला वाजवायचे आहे ते मिरवणुकीत, उघड्या रस्त्यावर, तेथे हळू वाजवून कसे चालेल? आक्षेप रास्त आहे. पण अरुंद नळीचा स्वर उजळ असतो आणि मैदानातही तो दूरवर पोहोचतो. रुंद नळीचा गडद, भारदस्त स्वर खुलतो तो ब्रुकनरसारख्यांच्या सिंफनीत, बंदिस्त सभागृहात आणि प्रौढ फुफ्फुसांतून. त्या संगीताला मोठेच वाद्य हवे. तेथवर जाणाऱ्याने ते जरूर घ्यावे. वाट मात्र लहान वाद्यावरून जाते.

मंदिरातील आणि रस्त्यावरील वाद्यांचा हा भेद ख्रिस्तसभेनेही केला आहे. दहावे पायस यांनी 22 नोव्हेंबर 1903 रोजी, संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, दिलेल्या आदेशात मंदिरामध्ये बँड वाजवण्यास मनाई केली. फुंकवाद्ये घ्यायचीच, तर बिशपांच्या संमतीने, मोजकी आणि जागेच्या मानाने घ्यावीत, असे सांगितले. मंदिराबाहेरील मिरवणुकीत मात्र बँडला वाव ठेवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली पवित्र उपासनेवरील दस्तऐवजात ऑर्गनला मानाचे स्थान देऊन, इतर वाद्येही उपासनेस साजेशी आणि भाविकांची उन्नती साधणारी असल्यास स्वीकारण्याची मुभा दिली. 1903 चा निर्बंध सैल झाला. ‘जागेच्या मानाने’ हे तत्त्व मात्र मला आजही शहाणपणाचे वाटते. त्याच तत्त्वाला मी एक पुस्ती जोडतो : मुलाच्या मानाने.

यातून एक व्यवहार्य सूचना निघते. धर्मग्रामात एखादा उदार दाता वाद्य देऊ करतो, तेव्हा एकच भपकेदार ट्रॉम्बोन घेण्याऐवजी त्याच पैशांत लहान-मध्यम मापांची दोन-तीन साधी, नीट दुरुस्त केलेली वाद्ये घ्यावीत. ती धर्मग्रामाची मालमत्ता राहावीत. मुलाचा हात वाढेल तसे त्याने एक परत करून दुसरे न्यावे आणि परत आलेले त्याच्यामागून येणाऱ्याला मिळावे. असे झाले, तर पाच-सहा वर्षांत एखाद्या धर्मग्रामात चार ट्रॉम्बोन एका सुरात उभे राहू शकतील आणि 2 नोव्हेंबरच्या संध्याकाळी, कबरींवर मेणबत्त्या तेवत असताना, लिंत्ससाठी लिहिलेल्या त्या तीन रचना आपल्याच मुलांच्या श्वासातून ऐकता येतील. त्यासाठी कोणालाही मोठ्याने वाजवावे लागणार नाही.