नीतीचे ‘भौतिक’ अधिष्ठान : स्पेन्सर, टिळक आणि आगरकर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी वैचारिक गद्यावर हर्बर्ट स्पेन्सरचा प्रभाव पडला, हे विधान आपल्या वाङ्मयेतिहासांत इतक्या वेळा आले आहे की स्पेन्सरचे नेमके म्हणणे काय होते, हे तपासण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली आहे. १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द डेटा ऑफ एथिक्स’ या त्याच्या ग्रंथात नीतीचा भौतिक दृष्टीने विचार करणारे एक स्वतंत्र प्रकरण आहे. भौतिक विज्ञान नीतीला वस्तुनिष्ठ अधिष्ठान देऊ शकेल काय, या प्रश्नाला इतके निःशंक होकारार्थी उत्तर क्वचितच कुणी दिले असेल. या प्रकरणाची भाषा तर वाङ्मयाच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी.

स्पेन्सरच्या मते बाह्यतः पाहिले असता आचरण म्हणजे हालचालींचा समुच्चय. उत्क्रांतीच्या ओघात जडद्रव्य विस्कळीत, अनिश्चित, एकजिनसी अवस्थेतून सुसंगत, निश्चित आणि विविधांगी अवस्थेकडे जाते; आचरणही तसेच जाते. सचोटीचा मनुष्य वजन पुरे देतो, कर्ज ठरल्याप्रमाणे फेडतो. म्हणजे त्याच्या हालचालींची मालिका निश्चित आणि परस्परसंबद्ध असते. अनीतिमान मनुष्याची तशी नसते. आता या विवेचनात मूल्य शिरले कोठून? ते भौतिकशास्त्रातून आलेले नाही, शब्दांतून आलेले आहे. ‘सुसंगत’, ‘निश्चित’, ‘समतोल’ हे शब्द यंत्राविषयी योजले की वर्णनपर असतात. माणसाविषयी योजले की नकळत प्रशंसापर होतात. वर्षानुवर्षे खोट्या वह्या बिनचूक लिहिणारा एखादा मुनीम घ्या. त्याच्या हालचाली निश्चित आहेत, एकमेकींशी जुळणाऱ्या आहेत, आणि दोन हिशेब सांभाळावे लागत असल्यामुळे प्रामाणिक मुनिमाच्या हालचालींहून अधिक विविधांगीही आहेत. स्पेन्सरच्या निकषाने तो वरच्या श्रेणीत बसावयास हवा. आपण त्याला तेथे बसवीत नाही, कारण त्याच्याविषयीचा निवाडा आपण अगोदरच, अन्य आधारावर केलेला असतो. ‘आहे’ पासून ‘असावे’ कडे होणाऱ्या उडीवर ह्यूमने १७४० मध्येच बोट ठेवले होते, आणि ‘अधिक उत्क्रांत ते अधिक चांगले’ या स्पेन्सरच्या समीकरणाचा समाचार जी. ई. मूरने १९०३ मध्ये घेतला. त्यांचा आक्षेप तर्काचा आहे. मला येथे इतकेच जोडावयाचे आहे की ही उडी एका रूपकाच्या पाठीवर बसून घेतलेली आहे, आणि रूपक ओळखणे हे तर आपलेच काम आहे.

मराठीत या पक्षाचा सविस्तर परामर्श घेतला तो टिळकांनी. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘आधिभौतिक सुखवाद’ असे एक प्रकरणच आहे. ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या तत्त्वावर तेथे विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे : कौरवांची सेना अकरा अक्षौहिणी आणि पांडवांची सात, मग संख्येच्या हिशेबाने न्याय कोणाच्या बाजूचा ठरवावयाचा? एम. ए.च्या वर्गात हा दाखला वाचला की विद्यार्थी हसतात, आणि तेवढ्यावर विज्ञाननिष्ठ नीती निकालात निघाली असे समजतात. पण ही गल्लत आहे. टिळकांचा ‘आधिभौतिक’ हा शब्द भौतिक विज्ञानापुरता नाही; बाह्य सुखदुःखांवरून नीती ठरविणारे सर्व पंथ त्यात येतात. अक्षौहिणींचा दाखला बेंथॅम-मिल यांच्या मोजणीला लागू पडतो. हालचालींच्या सुसंगतीचा सिद्धांत त्यामुळे खोडला जात नाही. आणि मोजणी फसली म्हणून कर्त्याच्या बुद्धीकडे व तेथून आत्म्याकडेच गेले पाहिजे, ही टिळकांची पुढची पायरीही वाटते तितकी अपरिहार्य नाही. कोंतने धर्मकल्पनेपासून विज्ञानापर्यंत रचलेली शिडी टिळकांनी उलटी धरली. पण शिडी तीच राहिली.

आगरकरांनी असे तत्त्वमीमांसेचे प्रकरण लिहिले नाही. त्यांचे उत्तर त्यांच्या युक्तिवादाच्या पद्धतीत शोधावे लागते. संमतिवयाचा वाद हे त्याचे उत्तम स्थळ. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या बालवधूच्या मृत्यूचा खटला चालला. पतीच्या संभोगामुळे झालेल्या इजेने ती मेली, याला वैद्यकीय पुरावा होता. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले, टिळक विरोधात. शरीराला इजा होते हे सत्य टिळकांनी नाकारले होते काय? नाही. त्यांचा आक्षेप परकीय सरकारच्या अधिकाराला होता, शास्त्रार्थाला धरून होता. तेव्हा एकच शरीरशास्त्रीय सत्य दोघांच्याही समोर असताना त्यातून दोन कर्तव्ये निघाली. विज्ञान स्वयमेव नीतीचे अधिष्ठान झाले असते, तर हा वाद डॉक्टरांच्या साक्षीनंतर संपावयास हवा होता.

पण यावरून विज्ञान नीतीला निरुपयोगी आहे असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या टोकाला जाणे होय. त्या मुलीच्या वेदनेला किंमत आहे, हे गृहीतक विज्ञान देत नाही; ते स्वीकारल्यावर मात्र वेदना कोठे आहे, किती आहे, टळण्यासारखी आहे की नाही, हे तेच सांगते. आगरकरांच्या लेखनात विज्ञानाचे कार्य बव्हंशी निषेधक आहे : ते दैवी आज्ञेची आणि ग्रहदशेची सबब काढून घेते. सबब गेल्यावर उरतो तो माणसाने माणसाला विचारलेला प्रश्न, आणि त्याचे उत्तर चारचौघांत कारणे देऊन द्यावे लागते. ‘वस्तुनिष्ठ’ या शब्दाचा हा अर्थ तराजूच्या वस्तुनिष्ठेहून वेगळा आहे, पण म्हणून तो व्यक्तिनिष्ठ ठरत नाही. २०१० साली सॅम हॅरिसने ‘द मॉरल लँडस्केप’ मध्ये स्पेन्सरचीच आकांक्षा मेंदूविज्ञानाच्या आधारे पुन्हा मांडली. तेथेही प्राणिमात्राचे हित हे मूल्य प्रारंभीच गृहीत धरलेले आहे. हॅरिसला त्याचा संकोच नाही, एवढाच काय तो फरक.

आगरकर १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेले. ‘गीतारहस्य’ त्यानंतर वीस वर्षांनी आले, त्यामुळे आधिभौतिक पक्षावरील टिळकांच्या आक्षेपांना आगरकरांचे उत्तर मिळाले नाही. आणि आपल्या अभ्यासक्रमांत आगरकर निबंधशैलीच्या प्रश्नपत्रिकेत असतात, टिळक तत्त्वचिंतनाच्या.