दप्तरांतील सौम्य शब्द आणि संपादकाचें कर्तव्य

नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या संबंधांतली (१७७३) 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? एका अक्षराच्या फेरानें 'धरावें' याचें 'मारावें' झालें, ही गोष्ट लोकांच्या मनांत कायमची ठसली. परंतु अक्षरहि न बदलतां, सबंध शब्द जसाचा तसा ठेवून अर्थावर पांघरूण घालण्याचा जो प्रकार जुन्या दप्तरांत पदोपदीं आढळतो, त्याकडे आमच्या संशोधकांचें व संग्राहकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. त्याचा थोडा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सौम्य शब्द योजणें हा स्वतः दोष नव्हे. साहित्यशास्त्रकारांनीं अश्लील हा दोष त्रिविध सांगितला असून त्यांत व्रीडा व जुगुप्सा यांबरोबर अमंगळाचीहि गणना केली आहे. संस्कृतांत कोल्हीस 'शिवा' म्हणतात. आमच्या घरांतून बांगडी फुटत नाहीं, ती 'वाढते'. आणि ज्या रोगानें माणसें दगावत, त्यास आम्हीं 'देवी' हें नांव दिलें. यांत कोणाची फसवणूक नाहीं. बोलणारा व ऐकणारा दोघेहि खरा अर्थ जाणतात. पानिपतच्या पराभवाची वार्ता मोत्यें, मोहरा व खुर्दा यांच्या भाषेंत कळविणारी जी प्रसिद्ध सावकारी चिठ्ठी ग्रांट डफनें आपल्या इतिहासांत (१८२६) दिली आहे, तिचीहि जात निराळी. ती सांकेतिक आहे; वाटेंत परक्याच्या हातीं पडली तर त्यास कळूं नये, पण ज्यास लिहिली त्यास पुरतें कळावें, हाच तिचा हेतु. आम्हांस विचार करावयाचा आहे तो तिसऱ्या प्रकाराचा. यांत शब्द लिहिणाऱ्याचें कृत्य वाचणाऱ्यापासून, आणि कालांतरानें लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मनापासूनहि, लपवितो. मम्मटानें लक्षणेस मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशीं संबंध, आणि रूढि किंवा प्रयोजन, अशा गोष्टी आवश्यक मानल्या. या तिसऱ्या प्रकाराच्या शब्दांविषयीं विचारावयाचा प्रश्न हाच कीं, येथें प्रयोजन कोणाचें?

'अंतस्थ' हा शब्द घ्या. व्याकरणांत य, र, ल, व हे अंतःस्थ; पेशवाईच्या हिशेबांत मात्र मामलतदारानें दरबारांतील कारभाऱ्यांस व हिशेब तपासणारांस आंतून पोंचविलेली रक्कम ती अंतस्थ. याच खर्चास 'दरबारखर्च' असेंहि भारदस्त नांव होतें. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधींच्या आपल्या अहवालांत ही रीति वर्णिली आहे. आरंभीं जें चोरून दिलें जाई, तें हळूहळू ठराविक झालें व नियमित खर्चाच्या सदरांत जाऊन बसलें. लांच म्हटलें असतें तर देणाऱ्यास व घेणाऱ्यास थोडा तरी संकोच वाटला असता. 'दरबारखर्च' म्हटल्यावर न देणाराच बेकायदा ठरला. या रकमेचा बोजा अखेर गांवोगांवच्या पट्ट्यांतून रयतेवर पडे, ही गोष्ट त्या शब्दांत कोठेंहि दिसत नाहीं.

न्यायाच्या कागदांतील 'हरकी' हीहि त्याच वळणाची. वाद जिंकणारानें सरकारांत भरावयाची ती रक्कम. हरणाराची ती 'गुन्हेगारी'. हरकी या नांवावरून वादी आनंदानें कांहीं देत आहे असें वाटावें. हक्क मूळचा आपलाच असून तो शाबीत करण्यासाठीं ज्यास ही रक्कम भरावी लागली, त्याचा हर्ष कितपत असेल, हें वाचकांनींच ठरवावें.

याहून गंभीर उदाहरण 'कुणबीण' या शब्दाचें आहे. कुणब्याची बायको हा याचा सरळ अर्थ. मोल्सवर्थनें आपल्या कोशांत त्याबरोबर विकत घेतलेली बटीक हा अर्थहि नोंदला, हें त्याच्या प्रामाणिकपणास शोभेसें आहे. पेशव्यांच्या रोजनिश्यांत व इतर दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीचे, किंमतीचे, आणि सरकारी कोठ्या, पागा व किल्ले येथें त्यांस कामास लावल्याचे उल्लेख आहेत. बदअमलाच्या आरोपावरून सरकारांत धरून ठेवलेल्या स्त्रियाहि यांत असत. आणि 'बदअमल' हा शब्दहि असा कीं, त्याखालीं दोष कोणाचा होता हें विचारण्याची गरजच उरूं नये. जिची किंमत रुपयांत ठरते, जी देणगी म्हणून दुसऱ्याच्या घरीं धाडली जाते, तिला शेतकऱ्याच्या गृहिणीचें नांव दिल्यानें घरांतील कोणासहि आपण गुलाम बाळगतों असें वाटेनासें झालें. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें या देशांत गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला, तेव्हां 'गुलामगिरी आमच्याकडे नव्हतीच' असें म्हणणें सोपें गेलें. कारण तो शब्द आमच्या घरांत वापरांतच नव्हता. आजहि शब्दसूचींत 'कुणबीण म्हणजे मोलकरीण' असा अर्थ देऊन सोडला, तर जुन्या लेखकाचें पांघरूण संपादकानें दुहेरी केलें असें होईल. मोलकरणीस मोल मिळतें. हिचें मोल दुसऱ्यास मिळे.

हें शस्त्र आमच्यावरहि चाललें. 'तैनात' म्हणजे चाकरीस नेमलेला. वसईच्या तहानें (३१ डिसेंबर १८०२) सहा हजारांहून कमी नाहीं इतकें कंपनीचें पायदळ पेशव्यांच्या मुलखांत कायमचें राहावयाचें ठरलें, त्याच्या खर्चासाठीं सव्वीस लक्षांचा मुलूख तुटला, आणि इतर सत्तांशीं बोलणें करण्यापूर्वीं इंग्रजांस विचारण्याचें बंधन आलें. या फौजेस आमच्या भाषेंत नांव मिळालें 'तैनाती फौज'! चाकर कोण आणि धनी कोण, याचा उलगडा पुढें पंधरा वर्षांनीं खडकीस झाला. विपरीत-लक्षणेचें याहून ठळक उदाहरण अलंकारग्रंथांतहि विरळा.

यावर एक आक्षेप संभवतो. हे शब्द त्या काळचे रूढ शब्द होते. त्यांस आजच्या नीतीचा गज लावणें हें संशोधन नव्हे. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. मूळ कागदाचें एक अक्षरहि बदलूं नये. परंतु रूढि हें स्पष्टीकरण होय, अर्थ नव्हे. शब्द कोणत्या कृत्याचा वाचक होता हें त्याच दप्तरांतील किंमती, याद्या व हिशेब सांगतात. तेव्हां असा अर्थ देणें म्हणजे आजचा गज लावणें नसून त्याच काळच्या मापानें मोजणें होय.

म्हणून संग्राहकांस व संपादकांस विनंति एवढीच. मूळ शब्द तसाच छापावा; शब्दसूचींत व्युत्पत्तीबरोबर प्रत्यक्ष व्यवहारहि सांगावा; आणि ज्यावर तो बोजा पडला त्याचा उल्लेख टीपेंत चुकवूं नये. विशेषतः रुमालांच्या याद्या करतांना जपावें. बाईच्या विक्रीचा कागद 'घरगुती किरकोळ' या मथळ्याखालीं बांधला गेला कीं तो पुन्हां कोणी सोडीत नाहीं. आणि जो रुमाल सुटत नाहीं, त्यास वाळवी व विस्मृति या दोघीहि सारख्याच वेगानें खातात.