स्तुतीचा भार

आपल्या अपत्याचे कौतुक कोणा आईबापांस करावेसे वाटत नाही? परंतु कौतुकाचे शब्द मुलास पुढे नेतात की जागीच जखडून ठेवतात, याचा विचार क्वचितच होतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला ‘माइंडसेट’ हा ग्रंथ तो विचार करावयास लावतो. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रंथातील स्तुतिविषयक विवेचनाचा मुख्य आधार म्हणजे ड्वेक व क्लॉडिया म्यूलर या विदुषींनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग. पाचव्या इयत्तेतील मुलांस प्रथम बेताची कोडी घालण्यात आली. ती सुटल्यावर काहींच्या बुद्धीची वाखाणणी केली, तर काहींच्या मेहनतीची. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सर्वांस अपयशाची चव दाखविली, आणि अखेरीस पुन्हा पहिल्याच तोलाची कोडी दिली. बुद्धीची स्तुती ऐकलेल्यांची कामगिरी पूर्वीहून खालावली. मेहनतीची स्तुती ऐकलेल्यांची सुधारली. याहून मर्मभेदी गोष्ट ही की, आपले गुण एका अनोळखी मुलास कळविताना पहिल्या गटातील दहांपैकी सुमारे चौघांनी ते वाढवून सांगितले. जो एकदा बुद्धिमान ठरला, त्यास प्रत्येक चूक आपल्या बुद्धीवरील डाग वाटू लागते. आणि डाग लपविण्याकडेच मनुष्याचा कल असतो.

येथवर लेखिकेशी आमचे एकमत आहे. परंतु शाळा, क्रीडांगण, व्यापार व संसार या सर्वांस एकच किल्ली लावण्याचा त्यांचा सोस आम्हांस मानवत नाही. अनेक संशोधनांची एकत्र छाननी २०१८ साली प्रसिद्ध झाली; तीत मुलांची ही मनोधारणा पालटण्याच्या उपायांचा शालेय यशावरील सरासरी परिणाम अल्पच आढळला. शिवाय ज्या श्रमांतून काही शिकणे घडत नाही, त्यांची नुसती वाहवा व्यर्थ होय, असे खुद्द ड्वेक यांनीच २०१५ साली बजावले आहे.

तथापि ग्रंथाचे मोल उरतेच. पाहुण्यांपुढे ‘आमचा बाळ भारी हुशार हो!’ म्हणण्याचा मोह आपल्या घरोघरी आहे. त्याऐवजी ‘हे गणित कसे सोडविलेस, सांग पाहू’ असे कोणी विचारले, तर मुलास कौतुकही लाभेल आणि उद्या चुकण्याची मोकळीकही.