रक्तातील संप्रेरकाद्वारे माशांच्या वाढीचे मापन : एक चिकित्सा

नदीत वा समुद्रात मुक्त वाढणाऱ्या सामन माशांच्या पिलांची वाढ रक्तातील संप्रेरकावरून जोखण्याची एक पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात तिची चिकित्सा करावयाची आहे. सामन हा थंड पाण्याचा मासा. आपल्या बाजारात ‘इंडियन सामन’ म्हणून विकला जाणारा रावस त्याच्या कुळातलाही नव्हे. मग बेलवलीसारख्या उल्हासकाठच्या गावी बसून ही चर्चा कशासाठी? उल्हासला भिवपुरी वीजगृहातून जे पाणी मिळते ते घाटमाथ्यावरील टाटांच्या जलाशयाचे आहे, आणि याच घाटमाथ्यावर, लोणावळ्याजवळ वळवण येथे, १९७०च्या दशकापासून महाशीराचे मत्स्यबीज तयार होत आले आहे. या बीजाचे नदीत पुढे काय होते, हे जाणण्याचे साधन आपल्याजवळ आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

लांबी आणि वजन ही वाढीची रूढ मापे. परंतु मुक्त मासा दुसऱ्यांदा हाती लागेल याची शाश्वती नसते, आणि एका मोजणीवरून तो गेल्या पंधरवड्यात वाढला की उपाशी राहिला, हे कळत नाही. येथे रक्त उपयोगी पडते. पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे वृद्धी संप्रेरक यकृताला चेतना देते व यकृत ‘इन्शुलिनसदृश वृद्धी घटक-१’ रक्तात सोडते. गंमत अशी की, उपाशी माशाच्या रक्तात वृद्धी संप्रेरक वाढते, यकृत मात्र त्याला दाद देईनासे होते आणि हा घटक उतरतो. म्हणजे नावात ‘वृद्धी’ असलेले संप्रेरकच वाढीविषयी दिशाभूल करते. विश्वास ठेवायचा तो त्याच्या पुढच्या दुव्यावर. सिएटल येथील शासकीय मत्स्यसंशोधन केंद्रात ब्रायन बेकमन व सहकाऱ्यांनी हा दुवा पक्का केला. समुद्रात नुकत्याच उतरलेल्या कोहो सामनांमधील त्याची पातळी आणि पुढे परतणाऱ्या प्रौढांचे प्रमाण यांतही संबंध आढळला.

तथापि हा आकडा स्वयंपूर्ण नाही. पाण्याचे तापमान, ऋतू, समुद्राकडे निघतानाचे शरीरातील स्थित्यंतर, लैंगिक परिपक्वता यांनुसार तो बदलतो. बेकमन यांनी स्वतःच २०११च्या परामर्शलेखात अशा विसंगतींची दखल घेतली आहे. शिवाय जाळ्यात येतात ते जगलेले मासे. मेलेल्यांचे रक्त कोणी तपासलेले नसते! सामनांवरून काढलेली समीकरणे पावसाळी नद्यांतील महाशीराला जशीच्या तशी लावणे तर शास्त्रीय आळस ठरेल. आधी टाक्यांत, वाढ माहीत असलेल्या खुणेच्या माशांवर ती पडताळावी लागतील.

आपल्याकडील उणीव याहून प्राथमिक आहे. मत्स्यसंवर्धनाचे यश आपण सोडलेल्या बोटुकलींच्या संख्येवर मोजतो. कर्नल साइक्स यांनी १८३९मध्ये पुणे परिसरातून वर्णिलेला निळ्या परांचा महाशीर लोणावळ्याहून कर्नाटकात कावेरीतही नेऊन सोडला गेला. तेथील गलिबोर येथे १९९८ ते २०१२ या काळात गळाला लागलेल्या माशांच्या नोंदी २०१५मध्ये अभ्यासल्या गेल्या. हा पाहुणा वाढत गेला आणि कावेरीचा मूळ कुबड्या महाशीर ओसरत गेला, असे त्यांत दिसले. या मूळ माशाची ‘टॉर रेमादेवी’ अशी शास्त्रीय ओळख २०१८मध्ये पटली. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते.

कावेरीत त्या काळी पाहुण्या माशाचे रक्त तपासले असते तर काय दिसले असते? प्रस्तुत लेखकाच्या मते, बहुधा उत्तम वाढ. संप्रेरक खोटे बोलले नसते. प्रश्नच अपुरा ठरला असता. मासा वाढतो आहे काय, एवढेच ते सांगते; कोणाच्या घासावर, ते सांगत नाही. म्हणून ही पद्धत येथे आणावयाची तर सोडलेल्या माशाबरोबर त्याच डोहातील मूळ माशाचेही रक्त तपासावे लागेल. कावेरीत हा दुसरा मासा आता नमुन्यापुरता मिळणेही कठीण झाले आहे.